बांगड्या हरवल्या आणि कामाच्या मावशींना चौकीवर बोलावलं : त्यांचे हक्क नेमके काय?

तिरफळ
शुक्रवार, रात्री ९:५०

घाईघाईत लिहितेय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

पुण्याच्या बाहेरच्या अंगाला आमची सोसायटी. बरेच टॉवर, सगळा कारभार ॲपवर. आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या मावशी इथेच आणखी पाच घरं करतात. त्यातल्या एका घरी सोन्याच्या दोन बांगड्या सापडत नाहीयेत. कधीपासून, ते त्यांनाही धड सांगता येत नाही. लग्नाला जायचं म्हणून डबा उघडला तेव्हा कळलं. मधल्या काळात त्या घरात पोळ्यावाल्या बाई, इस्त्रीवाला, पीओपीचं काम करणारी माणसं येऊन गेली. संशय मात्र थेट मावशींवर.

आज सकाळी सुपरवायझरने त्यांना गेटवरच अडवलं आणि सोसायटीच्या ऑफिसात नेलं. तिथे कमिटीतले दोघे आणि बांगड्यावाल्या बाई. मोबाइल काढून घेतला. पिशवी टेबलावर उपडी केली. डबा, बीपीच्या गोळ्यांची पट्टी, पीएमपीचा पास, घराची किल्ली, आणि मी काल दिलेल्या चकल्या. "हे कुठून उचललं?" असं चकल्यांवरूनही विचारून झालं म्हणे. सुपरवायझरने पदर झटकायला लावला. साडेदहापासून दीडपर्यंत बसवून ठेवलं आणि "कबूल कर, इथल्या इथे मिटवू" असं बजावून सोडलं.

संध्याकाळी सातला चौकीवरून फोन. "साहेबांनी बोलावलंय, आत्ता ये." बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. मावशी थरथरत माझ्याकडे आल्या. मी म्हटलं, आज जाऊ नका, उद्या मी बरोबर येते.

आता विचारायचंय ते असं. सोसायटीला अशी झडती घेता येते का? नुसत्या फोनवर बोलावलं तर जावंच लागतं का? आणि उद्या गेलो तर काय बोलायचं, कशावर सही करायची नाही? "हल्ली कुणावर विश्वास ठेवायची सोय राहिली नाही" छापाचे प्रतिसाद कृपया दुसऱ्या धाग्यावर टाका.


झुणका
शुक्रवार, रात्री १०:०२

वाचतोय. वकील मंडळी कुठे आहेत?


सातारी_वकील
शुक्रवार, रात्री १०:३१

आहे, आहे. जेवत होतो.

आधी सोसायटीचं. झडती घ्यायचा अधिकार पोलिसांना असतो, तोही नियमाने. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची, आणि तीही सभ्यपणे. कमिटी, सुपरवायझर, सिक्युरिटी एजन्सी यांना हा अधिकार कोणी दिलेला नाही. तीन तास बसवून ठेवलं, मोबाइल काढून घेतला, उठून जाऊ दिलं नाही, याला कायद्यात डांबून ठेवणं म्हणतात. भारतीय न्याय संहितेचं कलम १२७. शिक्षा एक वर्षापर्यंत. कमिटीतल्या त्या दोघांना हे कलम माहीत नसणार, उद्या कळू द्या.

आता चौकीचं. इथे एक गोष्ट पहिल्यांदा विचारायची : मावशींना साक्षीदार म्हणून बोलावलंय की संशयित म्हणून?

साक्षीदार म्हणून असेल तर कोणत्याही बाईला तिच्या राहत्या जागेखेरीज दुसरीकडे हजर राहायला भाग पाडता येत नाही. जबाब घ्यायला पोलिसांनी घरी जायचं. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १६० होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत १७९ आहे. पंधराच्या आतले मुलगे, साठीच्या वरची माणसं, अपंग, गंभीर आजारी हेही त्यातच. नव्या कायद्यात एक शेपूट जोडलंय : व्यक्ती 'स्वखुशीने' चौकीवर यायला तयार असेल तर येऊ द्यावं. ही स्वखुशी चौकीत कशी तयार होते ते मी सांगायला नको.

संशयित म्हणून असेल तर त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची लेखी नोटीस द्यावी लागते. फोन म्हणजे नोटीस नव्हे. व्हॉट्सॲपवर धाडलेलीसुद्धा चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्वच्छ सांगितलंय. पण लेखी नोटीस हातात पडली तर मात्र टाळायची नाही. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला सहसा अटक करता येत नाही, करायची तर कारणं नोंदवावी लागतात. टाळणाऱ्याला करता येते.

आणि संध्याकाळी सातचा फोन. सूर्यास्त ते सूर्योदय बाईला अटक करता येत नाही. अगदी अपवादात्मक प्रसंगी, महिला अधिकाऱ्याने आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी घेऊनच. तुम्ही आज जाऊ दिलं नाहीत ते उत्तम.


माजी_सचिव
शुक्रवार, रात्री ११:०५

मी सहा वर्षं सोसायटीचा सचिव होतो, तेव्हा थोडं दुसऱ्या बाजूनेही लिहितो. शिव्या घाला.

सोनं गेलं की माणूस कावराबावरा होतो. पोलिसात गेलं तर "बिल आहे का? फोटो आहे का? नीट शोधा घरात" असं म्हणून वाटेला लावतात. मग लोक कमिटीकडे येतात, आणि कमिटीने काही केलं नाही तर व्हॉट्सॲप ग्रुपवर आमची धुलाई. दर वेळी हक्क फक्त आरोपीलाच का? ज्यांच्या घरात चोरी झाली ते माणूस नाहीत का? आणि चोर पकडायचा अधिकार सामान्य नागरिकालाही असतो ना?


सातारी_वकील
शुक्रवार, रात्री ११:२०

@माजी_सचिव, शिव्या कशाला, प्रश्न रास्त आहे.

नागरिकाने पकडायचं कलम आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं ४०. पण ते डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यासाठी (घोषित फरारी गुन्हेगारही त्यात येतो), आणि पकडल्यावर सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवायचं. "कधी गेल्या माहीत नाही" अशा बांगड्यांना ते लागू नाही.

बांगड्यावाल्या बाईंचाही हक्क आहेच, आणि तो तुम्ही म्हणता त्याहून पक्का आहे. चोरी दखलपात्र गुन्हा. तशी माहिती दिली की एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक, हा २०१३ चा ललिता कुमारी निकाल. प्रत फुकट मिळते. त्या बाईंनी एफआयआर नोंदवावा, जोर लावून नोंदवावा. माझा अनुभव असा की नुसता साधा अर्ज देऊन, तोंडी ओळखीने "जरा दम द्या तिला" असं चालतं तिथेच सगळे घोळ होतात. गुन्हा नोंदला की तपास अधिकाऱ्याला डायरी लिहावी लागते, कारणं द्यावी लागतात, कोर्टाला तोंड द्यावं लागतं. फिर्यादी आणि संशयित दोघांनाही तेच सोयीचं.


खाकीतून_निवृत्त
शनिवार, पहाटे ५:४०

सवयीने लवकर उठतो. वकीलसाहेबांनी पुस्तकातलं बरोबर सांगितलंय, मी आतलं सांगतो.

फोन का करतात? नोटीस काढली की नोंद होते. नोंद झाली की उद्या कोणी विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. फोनला मागमूस नाही. नव्वद टक्के वेळा अशा फोनमागे गुन्हाही दाखल नसतो, कुणीतरी साहेबांना भेटून गेलेलं असतं. त्यामुळे आत गेल्यावर पहिला प्रश्न, आवाज न चढवता : "साहेब, गुन्हा दाखल आहे का? नंबर काय?" दाखल नसेल तर "अर्ज कोणाचा आहे, चौकशी कोणाकडे आहे?" एवढ्या दोन प्रश्नांवर समोरचा जरा सावरून बसतो.

सकाळी अकरानंतर जा. चौकीऐवजी मुख्य पोलीस ठाण्यात गेलात तर अधिक बरं, तिथे ड्युटी ऑफिसर असतो, महिला अंमलदार असते. दोघी-तिघी जा. छातीवरची नावाची पट्टी वाचा, नसेल तर नाव विचारून कागदावर लिहा. समोर लिहिलं तरी चालेल, उलट समोरच लिहा.

सहीचं. साक्षीदाराच्या पोलिसांपुढच्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, कायद्यातच तसं आहे. कोणी "इथे अंगठा कर" म्हणालं तर हा कसला कागद, वाचून दाखवा, असं म्हणायचं. कोऱ्या कागदावर तर कुणाच्या बापासाठी सही करायची नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा होत नाही हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात. तरी तो मिळवण्यात निम्मं आयुष्य जातं. असो.

सगळे पोलीस तसले नसतात. पण बाई एकटी आणि साडी साधी असली की भाषा 'ये-जा'वर उतरते, हे मी आतून पाहिलंय.


पाटीपेन्सिल
शनिवार, सकाळी ८:१५

खाकीतून_निवृत्त यांचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवण्यासारखा.

थोडा इतिहास, कारण यातले बरेचसे नियम महाराष्ट्रातल्याच प्रकरणांतून घडलेत. मथुरा प्रकरण १९७२ चं, देसाईगंज पोलीस ठाण्यातलं. आदिवासी अल्पवयीन मुलगी, ठाण्याच्या आवारात पोलिसांकडून बलात्कार. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना सोडलं. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

त्याच वर्षीचा दुसरा निकाल शीला बारसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य. शीला बारसे पत्रकार. मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात त्यांनी पंधरा बायकांच्या मुलाखती घेतल्या, त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. त्यांच्या पत्राचीच न्यायालयाने याचिका करून घेतली. महिला संशयितांसाठी वेगळी कोठडी, पहाऱ्याला महिला पोलीस, चौकशी महिला पोलिसांसमोर, अटक झाल्याबरोबर कायदेमदत समितीला कळवणं, हे सगळं त्या निकालातलं.

अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला कळवणं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हे डी. के. बसू निकालातलं, डिसेंबर १९९६. तेही प्रकरण पश्चिम बंगालमधून आलेल्या एका पत्रावरूनच सुरू झालं होतं. ज्यांना वाटतं पत्र लिहून काय होतं, त्यांच्यासाठी हे मुद्दाम.


न्यू_जर्सीकर
शनिवार, सकाळी ८:४०

इकडे असं काही झालं असतं तर सोसायटीवर दावा लागून ती विकायची वेळ आली असती. भारतात मानवी हक्क फक्त कागदावर.


झुणका
शनिवार, सकाळी ८:४४

@न्यू_जर्सीकर, तुमच्याकडच्या पोलिसांचे व्हिडिओ आम्हीही बघतो हो. धाग्यावर या.


ओटा_आणि_मी
शनिवार, सकाळी १०:०५

एरवी वाचनमात्र असते. आज लिहिते.

माझी आई डोंबिवलीत धुणीभांडी करायची. मी शाळेत असल्यापासून ते मला नोकरी लागेपर्यंत. कामाला जाताना ती कापडी पिशवी कधी घ्यायची नाही. साड्यांच्या दुकानात मिळते ना, पारदर्शक प्लास्टिकची, तसली. मला वाटायचं पावसासाठी. खूप उशिरा कळलं की वॉचमनला आतलं बाहेरूनच दिसावं, त्याला हात घालायची वेळ येऊ नये, म्हणून.

आणि चिठ्ठी. दिवाळीला कोणी जुनी साडी, डबा, मुलांचे कपडे दिले की आई "ताई, चिठ्ठी द्या" म्हणायची. 'सदर बाईंना एक वापरलेली साडी व स्टीलचा डबा दिला आहे', खाली सही आणि फ्लॅट नंबर. चिठ्ठी नसेल तर वस्तू गेटवर राहायची. एकदा एका काकूंनी चिठ्ठीत डबा लिहायचा विसरला. डब्यात लाडू होते. वॉचमनने लाडू पिशवीत ओतून दिले आणि डबा ठेवून घेतला. आई घरी येऊन हसत सांगत होती. मी चिडले तर म्हणाली, "त्याची नोकरी हाय ती." आता तीच चिठ्ठी ॲपवर गेटपास म्हणून असते, एवढाच फरक.

तिरफळ, तुमच्या मावशींना त्यांना स्वतःला काय हवंय ते विचारलंत का? इथे कलम १२७ वगैरे वाचून बरं वाटतं. पण कमिटीवर गुन्हा टाकला तर राहिलेली घरंही सुटतील ही भीती खरी असते. आईवर असा आळ आला होता तेव्हा तिला एकच हवं होतं. ज्या बाई बोलल्या त्यांनी बाकीच्या घरांत जाऊन सांगावं की ही अशी नाही. त्या आल्या नाहीत. तो कोणत्या कलमात बसतो ते वकिलांनी सांगावं.


सातारी_वकील
शनिवार, सकाळी १०:२०

@ओटा_आणि_मी, अब्रुनुकसानीत बसतो. पण तुम्ही विचारताय ते मला कळलंय. निर्णय मावशींचा, आपण फक्त दारं कुठे कुठे आहेत ते दाखवायची.

त्यातलं एक दार फारसं कोणाला माहीत नसतं, म्हणून लिहितो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७. बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. दाखला लागत नाही, दारिद्र्यरेषा लागत नाही, बाई असणं पुरे. अनुसूचित जाती-जमाती, मुलं, कोठडीत असलेला कोणीही, यांनाही तेच. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं ऑफिस असतं. हेल्पलाइन १५१००. फुकटचा वकील म्हणजे टाकाऊ असा समज आहे, काही वेळा तो खराही ठरतो, पण अटकेच्या पहिल्या चोवीस तासांत कुणीतरी काळा कोट शेजारी उभा असणं फार मोलाचं.


पोपटी_छत्री
शनिवार, दुपारी १२:३०

आमच्या भागात एक 'मानवाधिकार जिल्हाध्यक्ष' आहेत. गाडीवर लाल पाटी, खिशात ओळखपत्र. पोलीस त्यांना घाबरतात म्हणे. त्यांना घेऊन गेलं तर?


खाकीतून_निवृत्त
शनिवार, दुपारी १२:५०

अजिबात नको! पोलीस त्यांना घाबरत नाहीत, चहा पाजतात. दोन-पाच हजारांत कार्ड विकणाऱ्या अशा पुष्कळ संस्था आहेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानेच नावातल्या साधर्म्याबद्दल लोकांना वेळोवेळी सावध केलंय. खऱ्या आयोगाचा जिल्हाध्यक्ष वगैरे नसतो. हे लोक दोन्हीकडून पैसे घेऊन 'मिटवतात', आणि मिटतं ते नेहमी गरिबाच्या बाजूचं.

काम करणाऱ्या खऱ्या संघटना आहेत. पुण्यात मोलकरणींनी १९८० साली संप केला होता, आजारी पडून घरी राहिलेल्या बाईला कामावरून काढलं म्हणून. त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. तसल्या संघटनेची एक कार्यकर्ती आली तर ठाण्यातला सूर बदलतो, हे मी टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलंय.


पाटीपेन्सिल
शनिवार, दुपारी १:१०

आयोगाचं थोडं नीट सांगते. मानवी हक्क संरक्षण कायदा १९९३ चा. राष्ट्रीय आयोग दिल्लीत, राज्याचा मुंबईत, सीएसएमटीच्या समोर. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिलेली चालते, ऑनलाइनही करता येते. घटनेपासून एक वर्षाच्या आत करायची. त्यानंतरची प्रकरणं ते घेत नाहीत.

पण अपेक्षा माफक ठेवा. आयोग साक्षीदारांना बोलावू शकतो, कागद मागवू शकतो, नुकसानभरपाईची शिफारस करू शकतो. शिफारस. आणि तीही सरकारी माणसाने हक्क मोडला किंवा मोडू दिला तर. सोसायटीच्या सुपरवायझरने पदर झटकायला लावला याचं आयोग थेट काही करणार नाही, त्यासाठी पोलीसच. पोलिसांच्या गैरवर्तनासाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण वेगळं आहे, ते २००६ च्या प्रकाश सिंग निकालातून आलं.


तिरफळ
शनिवार, संध्याकाळी ६:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आलो.

मी, शेजारच्या आजी (निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज अजून वर्गातलाच) आणि मावशी. साडेअकराला ठाण्यात. ड्युटीवरच्या अधिकाऱ्यांना विचारलं, गुन्हा दाखल आहे का? नाही. अर्ज? तोही सापडेना. चौकीवर फोन लावला, तिकडून उत्तर आलं, "तोंडी तक्रार आहे." मी वहीत लिहून घेत होते. "मॅडम, काय लिहिताय?" "नाव आणि वेळ, साहेब." मग खुर्च्या आल्या. आधी तिघींपैकी दोघींनाच दिल्या होत्या, तिसरी आजींनी मागून घेतली, "यांच्यासाठी" म्हणून.

महिला हवालदारांनी मावशींशी बोलून घेतलं. दहा-पंधरा मिनिटं. सही कशावरच नाही. 'लागलं तर घरी येऊ' म्हणाल्या. सभ्य वागल्या, हेही नोंदवते.

एक फजिती. आमच्याबरोबर आलेल्या माझ्या भाच्याने बाहेरच्या खोलीत मोबाइल काढला तर एक शिपाई ओरडला, "रेकॉर्डिंग केलंस तर ऑफिशियल सीक्रेट्स लावीन." ते खरं आहे का?

ओटा_आणि_मी, विचारलं मी. मावशी म्हणाल्या, "मला केस नको. माझी घरं सुटू देऊ नका. आणि त्या पोराने माझ्या पदराला हात लावायला सांगितलं त्याला तेवढं विचारा." पोरगा म्हणजे सुपरवायझर, त्यांच्या धाकट्या मुलाच्या वयाचा.


सातारी_वकील
शनिवार, रात्री ९:००

झकास. आजींना माझा दंडवत.

पोलीस ठाणं हे ऑफिशियल सीक्रेट्स (सरकारी गुपितांच्या) कायद्याखालचं 'निषिद्ध ठिकाण' नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये नेमकं हेच सांगून असा गुन्हा रद्द केलाय. तरी भाच्याला सांगा, वाद घालत बसू नको. ठाण्यात सीसीटीव्ही असायलाच हवेत आणि फुटेज जपून ठेवायला हवं, हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. आजची तारीख-वेळ वहीत आहेच, कधी गरज पडली तर माहिती अधिकारात त्या वेळेचं फुटेज मागता येईल. ताबडतोब मागायचं. उशीर केला की कॅमेरा नेमका तेव्हाच बंद होता असं निघतं.


तिरफळ
सोमवार, सकाळी ९:४०

नवीन गोंधळ. आज सकाळी मावशी गेटवर आल्या तर ॲपवर 'प्रवेश नाही'. एका बोटाने सहाही घरं बंद. कोणी केलं विचारलं तर एजन्सी म्हणते कमिटीने सांगितलं, कमिटी म्हणते एजन्सीचा सुरक्षाविषयक निर्णय. लेखी काही नाही. पोलिसांत गुन्हा नाही, इथे मात्र शिक्षा सुरू!

इथे सामाजिक बहिष्काराचा कायदा लागतो का? महाराष्ट्रात आहे ना तो?


सातारी_वकील
सोमवार, सकाळी १०:३०

आहे, २०१६ चा, २०१७ पासून लागू. पण तो जात पंचायतीसारख्यांनी आपल्याच समाजातल्या माणसाला वाळीत टाकण्यासाठी. सोसायटीने कामाच्या बाईला गेटवर रोखलं, हे त्यात बसवणं अवघड. (मावशींना जातीवरून कोणी बोललं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ॲट्रॉसिटी कायदा आहे. विचारून घ्या.)

खरं सांगायचं तर कायद्यात इथे भलं मोठं भगदाड आहे. राज्याचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा. त्यात नोंदणी आहे, काही लाभ आहेत. कामावरून काढण्यापूर्वी म्हणणं ऐकून घ्यावं असं काही नाही. घरकामगारांबद्दलचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार २०११ चा, भारताने तो अजून मान्य केलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला समिती नेमून अशा कायद्याचा विचार करायला सांगितलंय. तोवर मावशींचा हक्क तुमच्या हक्काच्या खांद्यावर बसून चालणार. तुम्ही सभासद आहात. माझ्या घरी कोण कामाला येणार हे कमिटीने कोणत्या ठरावाने ठरवलं, ते लेखी विचारा. उत्तर नाही आलं तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार.


माजी_सचिव
सोमवार, सकाळी ११:१५

तिरफळ, हा धागा तीन दिवस वाचतोय. बांगड्यांबाबत माझं मत तेच आहे, संशय घेण्याचा अधिकार कोणाचा काढून घेता येत नाही. पण ॲपवरून ब्लॉक करणं चूक. कमिट्यांना कागद झोंबतो एवढं अनुभवाने सांगतो. एका घराचं पत्र आलं तर फाइलला लागतं. चार-पाच घरांनी एकच पत्र सह्या करून दिलं तर मीटिंग लावावी लागते. पत्र ईमेलने नको, ऑफिसात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. मजकूर असा ठेवा :

"आमच्या घरी काम करणाऱ्या कर्मचारी महिलेचा प्रवेश दि. … पासून रोखण्यात आला आहे. हा निर्णय कोणी, कोणत्या सभेत, कोणत्या कारणास्तव घेतला व त्यापूर्वी सदर महिलेचे म्हणणे ऐकून घेतले किंवा कसे, याची लेखी माहिती सात दिवसांत द्यावी. तोपर्यंत प्रवेश पूर्ववत करावा. तसेच दि. … रोजी संस्थेच्या कार्यालयात सदर महिलेची झडती कोणाच्या आदेशाने घेण्यात आली, याचाही खुलासा करावा."

सुपरवायझरचं नाव घालू नका. त्याला सांगणारे दोघे वेगळेच आहेत आणि तेही पगारी माणसाला पुढे करून मोकळे होतील.


ओटा_आणि_मी
सोमवार, सकाळी ११:४०

@माजी_सचिव, शेवटच्या ओळीला +१.

तिरफळ, एक लक्षात ठेवा. मिटवामिटवीत मावशींकडून 'माफीनामा' लिहून मागतील. 'गैरसमज झाला असल्यास क्षमस्व' असा गोड कागद असतो. देऊ नका.


सातारी_वकील
सोमवार, सकाळी ११:५५

अगदी. पोलिसांपुढची कबुली चालत नाही, पण खाजगी माणसांपुढे लिहून दिलेला कागद कोर्टात पुढे येऊ शकतो. पुरावा म्हणून दुबळा, त्रास द्यायला पुरेसा.


तिरफळ
गुरुवार, रात्री १०:१०

पत्र दिलं. सहापैकी चार घरांच्या सह्या. पाचव्या घराने "आम्हाला यात पडायचं नाही" म्हणून मावशींचा पगार पाकिटात घालून माझ्याकडे दिला. सहावं बांगड्यांचं. बुधवारी प्रवेश सुरू झाला, चारच घरांपुरता. बांगड्यावाल्या टॉवरच्या लॉबीत पाऊल टाकायचं नाही अशी तोंडी ताकीद. झडतीबद्दल उत्तर नाही, सात दिवस व्हायचे आहेत. बांगड्या सापडलेल्या नाहीत. मी त्या बाईंना जाऊन एफआयआर नोंदवायला सुचवलं, तर त्या म्हणाल्या, "उगाच कोर्टकचेरी कशाला?"

मावशी दोन नवीन घरं शोधतायत. रस्त्यापलीकडच्या सोसायटीतही तेच ॲप आहे, तिथे काय दिसतंय ते उद्या कळेल.


पोपटी_छत्री
गुरुवार, रात्री १०:४५

अवांतर, पण विचारून घेतो. आमच्याकडे गाड्या पुसायला एक मुलगा येतो, सोळा-सतराचा असेल. परवा कोणाच्या गाडीतून पैसे गेले म्हणून त्याला चौकीवर नेऊन बसवलं होतं. त्याला हेच नियम का?


सातारी_वकील
गुरुवार, रात्री ११:०५

नाही, त्याला याहून कडक. अठराच्या आतला असेल तर बाल न्याय कायदा, २०१५. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या नाहीत. बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे सोपवायचं, पालकांना कळवायचं, आणि चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. चाइल्ड हेल्पलाइन १०९८. वय आधार कार्डावरून ठरवू देऊ नका, शाळेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट आधी धरतात. घरी सापडत नसेल तर शाळेत जाऊन दुसरी प्रत काढून ठेवायला सांगा. याच आठवड्यात.